काळा ठिपका दोन्हीकडे

हे माझ्या नवऱ्याला माहीत नाही, मुलीलाही नाही. तुम्ही समोर बसला आहात — म्हणजे बसला आहात असं मी धरून चालते — म्हणून तोंड उघडतेय. मध्येच थांबले तर थांबू द्या.

मी मुळातच संशयी बाई. दूधवाला जरा हसून बोलला की मला दुधात पाणी दिसतं. लोक याला हुशारी म्हणत आले आणि मीही म्हणवून घेतलं.

दोन हजार साल उलटून काही वर्षं झाली होती. नगरजवळच्या एका खासगी संस्थेत आम्ही दोघी कामाला होतो. मी कर्जतची, सुजाता जामखेडची. दोघी एमएस्सी, एकाच खोलीत राहायचो, एकाच स्टोव्हवर पिठलं टाकायचो. काम उंदरांवर. मेंदूची नस बंद करून उंदराला माणसासारखा लकवा आणायचा, मग त्याच्या मेंदूत स्टेम सेल, म्हणजे नव्या पेशी तयार करणाऱ्या मूळ पेशी, टोचायच्या. त्या कुठं जातात ते कळावं म्हणून आधी त्यांना लोहाचे बारीक कण चारायचे. एमआरआयमध्ये लोह काळं दिसतं. काळा ठिपका दिसला की पेशी तिथं आहेत, असं आम्ही समजायचो. तुलनेसाठी काही उंदरांना लोह चारून मारलेल्या पेशी टोचायच्या. त्यांचा ठिपका पुसट होत जाईल, असं आमच्या लॅबच्या प्रमुख सरांचं म्हणणं.

जिवंत पेशीवाल्यांच्या डोक्यावर पिवळा रंग, मेलेल्या पेशीवाल्यांच्या शेपटीवर. उंदीर एकमेकांना चाटतात, रंग उडतो, पुन्हा लावावा लागतो. रविवारी टोपलीत घालून एसटीनं नगरच्या स्कॅन सेंटरला न्यायचो. कंडक्टरनं विचारलं की सुजाता कोंबडीची पिल्लं म्हणून सांगायची, इतक्या गंभीर चेहऱ्यानं की मला खिडकीकडे तोंड करून हसावं लागायचं.

त्या वर्षी माझ्या वडिलांच्या अंगावरून वारं गेलं होतं. डावा हात लुळा, बोलणं अडखळत. मी कर्जतला गेले की त्यांना सांगायची, आबा, औषध येतंय. हे कारण म्हणून सांगत नाही हं. तेव्हा त्या ठिपक्याकडे मी कोणत्या डोळ्यांनी बघत होते, एवढंच सांगते.

आणि एका रविवारी शेपटीवाल्यांच्या मेंदूतही तोच ठिपका. तितकाच काळा. पुढच्या खेपेलाही तसाच. मेलेल्या पेशी टिकतील कशा? मला एकच सुचलं — उंदरांची अदलाबदल झालीय. रंग कोण लावत होतं? सुजाता. दुपारी पिंजऱ्यांपाशी एकटीच कोण होती? सुजाता. झालं, मी निकाल देऊन टाकला.

तिला विचारलं का? नाही. तिच्या हातची भाकरी खाल्ली आणि सरांकडे गेले. माझं नाव येऊ देऊ नका म्हटलं. ती खुणा बदलतेय म्हटलं. आणि — हे बोलायला जीभ रेटत नाही — म्हटलं, "सवलतीतून सगळं मिळालंय सर, कामाची कदर कुठून असणार." सुजाता बौद्ध. तिला माझ्यापेक्षा जास्त मार्क होते, आणि ते मला चांगलंच ठाऊक होतं. माझ्या जातीतली कुणी असती तर मी इतक्या लवकर संशय घेतला असता? नसता.

सरांनी तिला बोलावून कामावरून काढलं. केबिनमधून बाहेर आली तेव्हा ती थेट माझ्यापाशीच आली. "रंग उडाला हुता म्हणून लावला गं. मला डोकं अन् शेपूट कळत न्हाई व्हय?" मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. तिची पेटी जामखेडच्या गाडीत मीच चढवली.

पुढं त्या उंदरांच्या मेंदूचे काप मायक्रोस्कोपखाली माझ्याकडे आले. लोह निळं दिसावं असा रंग दिलेला. सगळं निळं मेंदूतल्या सफाई करणाऱ्या पेशींच्या पोटात होतं. शेपटीवाले, डोकंवाले, दोन्हीकडे तेच. आम्ही टोचलेल्या जिवंत पेशीही मरून गेल्या होत्या, आणि त्यांचं लोह या सफाईवाल्या गिळून बसल्या होत्या. ठिपका पेशींचा नव्हताच, नुसत्या लोहाचा होता. उंदीर कुणी बदलले नव्हते. सुजातानं रंग बरोबर लावला होता.

मग मी काय केलं? त्या कापांच्या काचा नळाखाली घासून टाकल्या. सरांना सांगितलं, काप खराब झाले. सरांनी शेपटीवाले उंदीर वगळले, लेख छापून आला, त्यात माझं नाव आलं. आबा औषधाची वाट बघत गेले. मी त्यांनाही फसवलं.

बऱ्याच वर्षांनी जामखेडला एका लग्नात सुजाता भेटली. शाळेत शिकवते. लॅबमध्ये तिला पुन्हा कुणी घेतलं नाही, जिथं जाईल तिथून सरांकडे चौकशी व्हायची. तिनं मला ओढून शेजारी जेवायला बसवलं. दोन घास झाल्यावर हळूच म्हणाली, "तवा सरांचे कान कुणी भरले आसतील गं? मला त्या पिंजरे धुनाऱ्या बबनमामाचाच संशय हाय. त्याला मी कदी माफ न्हाई करनार."

बबनमामांनी आम्हा दोघींना कायम बाळ म्हणूनच हाक मारली होती.

मी म्हणाले, "असतील. मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं."

तिनं तिच्या ताटातली जिलेबी माझ्या ताटात ठेवली. मी ती खाल्ली.