लेबल नसलेली फ्लॉपी

आमचं संगणक मंडळ पुन्हा सुरू झालं ते व्हॉट्सॲपला कंटाळून. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी कर्जतमध्ये संगणकाची हौस असणारे इतके थोडे होते की पिठाच्या गिरणीच्या माडीवर एका खोलीत सगळे मावायचो, आणि संगणक तरी एकच असायचा. पुढे खोली गेली, मंडळही गेलं. उरला एक ग्रुप, त्यावर रोज सकाळी गुलाबाची फुलं यायची. एकदा कुणीतरी लिहिलं, "प्रत्यक्ष भेटूया." अठरा जणांनी अंगठे दाखवले आणि दहिवलीच्या हॉलवर पाच जण आले.

पहिल्या बैठकीत आम्ही अध्यक्ष निवडला, दुसऱ्या बैठकीत त्यांचा सत्कार केला. अध्यक्ष म्हणजे आमचे निवृत्त मुख्याध्यापक. जुन्या मंडळातही तेच अध्यक्ष होते आणि तेव्हाही त्यांनी संगणकाला हात लावल्याचं मला आठवत नाही. चिटणीस मी. जुनी नियमावली माझ्याच ट्रंकेत होती, माझ्याच अक्षरात. ती मी उभं राहून वाचली आणि एकमताने मंजूर करून घेतली. तिच्यातला सातवा नियम माझा लाडका: लेबल नसलेली फ्लॉपी मंडळाच्या मालकीची समजून पुसावी व वापरात घ्यावी. त्या काळी फ्लॉपी मुंबईहून आणावी लागे आणि जो तो दुसऱ्याची आपली म्हणून पिशवीत घाले. या नियमाने भांडणं मिटली होती, आणि त्याचा मला फार अभिमान होता.

फ्लॉपी चालेल असा जुना संगणक आला तिसऱ्या बैठकीला. खालापूरकडे बंगला बांधलेल्या एका मुंबईकर सदस्याने तो दिवाणखान्यात शोभेला ठेवला होता. चालतो की नाही, हे त्यालाही माहीत नव्हतं. आम्ही यंत्राला हार घातला, हळदकुंकू लावलं. नारळाचं पाणी कळफलकावर उडू नये म्हणून दोघांनी पंचा आडवा धरला. मग बटण दाबलं आणि काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली. अध्यक्षांनी याचं श्रेय सर्वांना दिलं.

पळसदरीचा माझा मित्र पूजा होईतो दारात उभा होता. तो बौद्ध, नारळाशी त्याला काही घेणंदेणं नाही. पण अक्षरं उमटल्यावर सगळ्यांत आधी तोच पुढे आला, हातात एक फ्लॉपी घेऊन. आठवड्यापूर्वी त्याने मला फोन केला होता. "आबांचं बोलणं हाय रं त्या फ्लॉपीत. वरीस होईल त्यांना जाऊन. त्या दिवशी घरात वाचायचं हाय."

आबा म्हणजे त्याचे वडील. गिरणीच्या माडीवर सहा रविवार बसून त्यांनी सगळं सांगितलं होतं: वस्तीने धम्म कसा घेतला, मेलेली गुरं ओढायचं काम कसं सोडलं, त्यानंतर गाव कसं वागलं. मराठी टायपिंग मलाच येत होतं, म्हणून टाईप मी केलं. छापलेली प्रत नातेवाइकांत हातोहात फिरली आणि कुणाकडे राहिली ते कळलंच नाही. आता होती ती ही एकच फ्लॉपी.

मी त्याला म्हणालो, "टेबलावर ठेव. आधी सत्कार, मग तुझा नंबर." कार्यक्रमपत्रिका मीच केली होती, ती मोडायची माझी तयारी नव्हती.

पळसदरीहून येणारा एकमेव सदस्य म्हणून त्याला शाल देण्यात आली. अध्यक्ष बोलायला उठले. ते एकदा उठले की अर्धा तास निश्चिंत, म्हणून तेवढ्या वेळात मी सगळ्यांनी आणलेल्या जुन्या फ्लॉपींचा टेबलावरचा ढीग आवरायला घेतला. लेबलवाल्या उजवीकडे, बिनलेबलाच्या डावीकडे. मित्राच्या फ्लॉपीवर लेबल असणारच, असं मी धरून चाललो होतो. जुन्या लेबलाचा डिंक वाळतो, हे चिटणिसाला सुचायला हवं होतं. डावीकडच्या चार मी एकामागून एक पुसल्या. यंत्राने दर वेळी विचारलं, नक्की ना? मी दर वेळी होय म्हणालो. भाषण संपायच्या आत काम उरकलं म्हणून मी खूशही होतो.

मित्र शाल सावरत व्यासपीठावरून खाली आला. त्याने ढिगातून कोपरा दुमडलेली एक फ्लॉपी उचलली, डावीकडची. मी ती यंत्रात घातली, खरं तर घालायची गरज नव्हती. आत काहीही नव्हतं. मी काय केलं ते त्याला सरळ सांगून टाकलं. आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

तो चिडला असता तर बरं झालं असतं. त्याने शालीची घडी घातली, खुर्ची ओढली, कार्यक्रमपत्रिका पालथी केली आणि खिशातलं पेन काढलं.

"समदं तूच टाईप केलंस ना रं? सहा रविवार. आठवतंय तेवढं सांग, मी लिवून घेतो."

मी डोळे मिटले. ज्ञ काढायला तीन कळा लागायच्या, ते आठवलं. वीज जायची म्हणून मी आबांना वाक्याच्या मध्येच थांबवायचो आणि ते हात तसाच वर धरून वाट बघायचे, तेही आठवलं. पण ते काय सांगत होते, त्यातला एक शब्द आठवेना.

"हं, बोल," मित्र म्हणाला.

"आबा, थांबा, सेव्ह करतो." सहा रविवारांतलं एवढं एकच वाक्य माझ्या कानात होतं, आणि ते माझं होतं.