खरडलेली ओळ

बिशपकाकांच्या खिशात कधी पेन नसे, पेन्सिलच. कॅथीड्रलच्या लायब्ररीत पेन चालत नाही. लीड्सच्या हॉस्पिटलात जन्मभर पेशंटना भूल देणारा हा डॉक्टर रिटायर झाल्यावर लॅटिन शिकला आणि बिशपांची चरित्रं लिहिणाऱ्या एका मध्ययुगीन मंकच्या, म्हणजे मठातल्या साधूच्या, मागे लागला.

"वहिनी, आमचा मंक बिशपांना लोभी, खादाड, सगळं लिहितो," भजी खाता खाता काका सांगत. "वरून दटावणी आली, की चाकूनं चामड्याच्या पानावरची ओळ खरडून काढतो. मराठीत बरं आहे, लिहिणंही खरडणं आणि पुसणंही खरडणंच."

मी तेव्हा इथल्या मराठी मंडळाची अध्यक्ष होते. अंगावर पैठणी, हातात माइक, आणि आपल्याशिवाय लीड्सला संस्कृती नाही असा ठाम समज. मंडळाच्या अध्यक्षांचा इतिहास काकांकडून लिहून घ्यायची अक्कलही माझीच.

त्यांनी वही भरून आणली. या वहीसाठी मात्र पेन वापरलं होतं. माझ्या पानावर माझी नाटकं, माझी शिस्त, आणि शेवटी एक ओळ : 'शीलाचा नवरा गेल्यावर यांनी तिला हळदीकुंकवाला बोलावलं नाही.'

शीला नर्स होती, तिशीही न गाठलेली. दरवर्षी हॉलची किल्ली तीच आणायची.

"अहो, हे कशाला? रीत आहे ती. मी काय पाप केलं?"

"पाप कुठे लिहिलंय, वहिनी? बोलावलं नाही, एवढंच लिहिलंय."

"काढा ते."

काकांनी वही पुढ्यात ओढली. "ब्लेड आहे घरात?"

मी यांच्या दाढीच्या सामानातलं नवं कोरं ब्लेड लगबगीनं आणून दिलं. त्यांनी ओळ खरडली, कागदाचा भुगा फुंकला, आणि चहा न घेता गेले. मंडळात पुन्हा आले नाहीत. शीला ग्लासगोला निघून गेली. काकांच्या फ्युनरलला मी पहिल्या रांगेत बसले, निर्लज्जासारखी.

आता आमचे हे जाऊनही चार वर्षं झाली. दर संक्रांतीला मंडळाचा मेसेज येतो, 'काकू, हळदीकुंकवाला नक्की या.' या मुलींच्या मनात तसलं काही येतही नाही. मी जाते, वाण घेते, आणि घरी येऊन न उघडता कपाटात कोंबते.

परवा इथेच वाढलेल्या नातीला ती वही सापडली. तिनं पान तिरकं धरून फोनचा टॉर्च लावला. ब्लेडनं शाई गेली होती, पण काकांचा हात जड. अक्षरांचे वळ राहिले होते.

"आजी, इथे काहीतरी लिहिला होता. शीला... बोलावलं नाही. हे कोण केला?"

"होती एक बिशप," मी म्हटलं. "पेन दे."