संत अंतोनीच्या हातावरचं बाळ

कळंबात आमचं एकच कॅथलिक घर. फादर सवड झाली तर महिन्यातून एकदा येतात, एरवी आमची सगळी भिस्त कपाटावरच्या संत अंतोनीवर. तपकिरी झगा, कमरेला दोरी, हातावर बाळ येशू. हरवलेल्या वस्तू शोधून देणं हे त्याचं काम. माहेरी चावी सापडेना की आई त्याच्या हातावरचं बाळ काढून घ्यायची आणि दम भरायची, "आधी चावी दे, मग लेकरू ने." चावी सापडायची. संताला असं कोंडीत धरलेलं चालतं, हे मला तेव्हापासून माहीत.

आमचे हे शाळामास्तर. अर्धांगवायूनं त्यांची वाचा गेली. अंतोनीही बोलण्यातला मोठा माणूस, त्याच्या प्रवचनाला गावंच्या गावं लोटायची. मरणानंतर कित्येक वर्षांनी शवपेटी उघडली तर देहाची माती झालेली, जीभ मात्र शाबूत, असं सांगतात. मला त्या जिभेचा रागच यायचा. मेलेल्याची जीभ टिकते आणि माझ्या जित्या माणसाची लाकडासारखी पडून राहते, हा कुठला न्याय? नऊ-नऊ दिवसांच्या नोव्हेना प्रार्थना करून झाल्या, मेणबत्त्या जाळून झाल्या, गुडघे दुखायला लागले. शेवटी वैतागून मीही बाळ काढलं आणि तांदळाच्या डब्यात ठेवलं. म्हटलं, यांना बोलतं कर, मग मिळेल.

शेजारच्या भुसार दुकानदाराची सून दर मंगळवारी आमच्याकडे नारळ घेऊन यायची. मंगळवार अंतोनीचा आणि तुळजापूरच्या आईचाही, त्यामुळे तिला त्यात काही वावगं वाटायचं नाही. तिला मूल होत नव्हतं आणि घरात नवऱ्याला दुसरी करून द्यायची बोलणी सुरू झाली होती. हा संत मुलं देत नाही, हे मी तिला सांगून सांगून थकले.

"मग हातात लेकरू कशाला धरलंय वो, काकू?" ती विचारायची. वाद घालायचं त्राण माझ्यात नसायचं.

त्या मंगळवारी तिनं अंतोनीचा रिकामा हात पाहिला आणि तिच्या हातातला नारळच सुटला.

"काकू! दिलं की वो बाबानं लेकरू!"

"नाही गं बाई. मीच काढलंय. तांदळाच्या डब्यात आहे." यांच्या वाचेसाठी बाळ अडवून धरलंय, हेही तिला सांगितलं. तिनं सगळं शांतपणे ऐकलं.

"तुमाला वाटतंय तुमी काढलं. त्यानंच काढाय लावलं, माज्यासाठी," ती म्हणाली आणि पदर पसरून उभी राहिली.

शेवटी मी डबा काढला आणि बाळाला चिकटलेले तांदूळ झटकायला लागले.

"असू द्या, काकू. वटीचे तांदूळ हायती ते."

तांदळासकट बाळ तिच्या पदरात घातलं. पदर पोटाशी घट्ट धरून ती गेली. मला बरंही वाटलं नाही आणि वाईटही. नुसती दमून गेले होते.

हे पलंगावरून सगळं बघत होते. पेजेची वाटी घेऊन मी जवळ बसले.

"देऊन टाकलं," मी म्हटलं. "आता तुमच्यासाठी अडून बसायला माझ्याकडे काही उरलं नाही."

त्यांनी तोंड उघडलं. मी कान पुढे केला.

पेजेसाठी उघडलं होतं. मी चमचा पुढे केला.