चीफ किनाऱ्यावर उतरतात

आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या चीफइतकं जग फिरलेला आणि त्यांच्याइतकं जग न पाहिलेला माणूस मला आजवर दुसरा भेटलेला नाही. तीस वर्षं ते मालवाहू जहाजांवर होते, त्यातली शेवटची बारा चीफ इंजिनिअर म्हणून, आणि नकाशावर जिथे जिथे जमीन संपून पाणी लागतं तिथे तिथे त्यांचं जहाज एकदा तरी लागलेलं होतं. पण कुठल्याही बंदराचं नाव काढा, चीफना तिथला धक्का आठवायचा आणि त्या धक्क्याला असताना इंजिनात काय बिघडलं होतं ते आठवायचं. "सांतोस ना? तिथे आम्ही दोन नंबरचा जनरेटर उघडला होता." "हॅम्बर्ग? झकास जागा. स्पेअर पार्ट वेळेवर येतात." मी पुण्याचा, त्यामुळे समोरच्याला पुरतं विचारून घेतल्याशिवाय मला चैन पडत नाही. मी खोदून खोदून विचारायचो, अहो पण गाव कसं आहे, माणसं कशी आहेत, खातात काय? चीफ खरोखर विचारात पडायचे. मग म्हणायचे, "गाव असणार. दिवे दिसायचे."

याचं कारण त्यांनी मला एकदा शांतपणे समजावून सांगितलं. जहाज बंदराला लागलं की इंजिनवाल्यांची खरी कामं सुरू होतात. समुद्रात चालत्या जहाजावर जे उघडता येत नाही ते सगळं तिथे उघडायचं, तेल भरून घ्यायचं, तपासणीला आलेल्या साहेबांच्या मागे जिने चढायचे नि उतरायचे. एवढं करून वेळ उरलाच तरी चीफ आणि सेकंड इंजिनिअर या दोघांनी एकाच वेळी जहाज सोडायचं नाही, असा त्यांच्या जहाजांवरचा कडक रिवाज. एक खाली उतरला की दुसरा वर राहणार. चीफ बहुतेक वेळा सेकंडला पाठवत. "त्याची मुलं लहान असायची हो, खेळणी न्यायची असायची." जहाजं बदलली, सेकंड बदलले, पण प्रत्येक सेकंडची मुलं लहानच असायची.

हा रिवाज चीफनी समुद्रावर ठेवला असता तर माझी काही तक्रार नव्हती. पण त्यांनी तो सिंगापुरात, बिशानच्या फ्लॅटमध्ये आणून बसवला होता. आम्ही सातव्या मजल्यावर, ते आठव्या, आणि चीफ नि वहिनी जोडीने घराबाहेर पडलेले सबंध ब्लॉकमध्ये कुणी पाहिले नव्हते. वहिनी भाजीला गेल्या की चीफ घरी. चीफ केस कापायला गेले की वहिनी घरी. गणपतीत मंडळाच्या हॉलवर आरतीला चीफ येत, आणि ते परत गेल्यावर तासाभराने महाप्रसादाला वहिनी. पहिल्या वर्षी माझ्या बायकोला वाटलं, दोघांचं बोलणं बंद आहे. तिने फार जपून, आडून आडून विचारलं. वहिनी म्हणाल्या, "भांडण कसलं गं. घरात मशिनरी चालू असते म्हणतात. फ्रिज आहे ना." वहिनी महिनाभर पुण्याला निघाल्या तर त्यांच्याकडून रीतसर चार्ज घेतला जाई. तूरडाळ कुठल्या डब्यात, तुळशीला पाणी किती, कुकरची तिसरी शिट्टी अडखळते तेव्हा काय करायचं, हे सगळं कागदावर उतरवून खाली दोघांच्या सह्या. सही झाल्याशिवाय टॅक्सी बोलवायची नाही.

त्यांचा कान हा तर ब्लॉकमधला चमत्कार होता. लिफ्टमध्ये शिरले की चीफ भिंतीला तळहात लावून डोळे मिटत. आमच्या मजल्यावरची एक चिनी मावशी त्यांना रोज म्हणायची, "अंकल, लिफ्ट ओके लाह. व्हाय यू एव्हरी डे लिसन?" चीफ म्हणायचे, "नॉट ओके. वन मोअर वीक." बरोबर सहाव्या दिवशी लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये रुसून बसली. तेव्हापासून मावशी नवीन वॉशिंग मशिन घ्यायचं झालं तरी चीफना दुकानात घेऊन जायला लागली. चीफ तिथे सगळ्या मशिनींना आळीपाळीने कान लावत, आणि विक्रेता बिचारा डॉक्टरसमोर आल्यासारखा हात बांधून उभा राही.

पंच्याण्णवच्या सुमारास चीफनी समुद्र सोडला आणि एका जहाजदुरुस्तीच्या कारखान्यात नोकरी धरली. आता हे रोज संध्याकाळी घरी येणार, या गोष्टीची वहिनींना सवय होईपर्यंत वर्ष गेलं. मग एक दिवस त्या बाजारातून येताना भाजीच्या पिशवीत एक रंगीत पुस्तिका घेऊन आल्या. नॉर्वेतल्या फ्योर्डमधून सात दिवसांची क्रूझ. फ्योर्ड म्हणजे डोंगरांच्या पोटात मैलोन् मैल घुसलेली समुद्राची चिंचोळी खाडी, दोन्ही बाजूंना सरळ उभे कडे आणि त्यांवरून पडणारे धबधबे. चीफनी पुस्तिका उलटसुलट करून पाहिली. "पॅसेंजर म्हणून जायचं?" ते म्हणाले. "अगं, तीस वर्षं ज्यातून उतरायची वाट बघितली, त्यात आता आपणहून चढायचं?" पण वहिनींनी चीफकडे आजवर काही मागितलेलं नव्हतं, आणि हे चीफना पक्कं ठाऊक होतं. त्यामुळे होकार आला. मला तर त्या पुस्तिकेने असं झपाटलं, की पंधरा दिवसांत आम्ही नवरा-बायकोनीही नावं नोंदवून टाकली.

मग सुरू झाला खरा प्रश्न. जहाज चार ठिकाणी थांबणार होतं. प्रत्येक ठिकाणी जहाजाने आखलेल्या सहली होत्या: बसने धबधबा, रेल्वेने डोंगर, होडीने हिमनदी. त्या घ्यायच्या, की उतरून आपलं आपण फिरायचं? रोज जेवणानंतर आम्ही चौघं चीफच्या टेबलाभोवती पुस्तिका पसरून बसायचो. मी सहलींच्या बाजूचा. मला गाईड लागतो, माहिती लागते, कडा किती फूट उंच हे कुणीतरी सांगितल्याशिवाय मला तो उंच वाटत नाही. चीफही सहलींच्याच बाजूचे, पण निराळ्या कारणाने. जहाजाची बस उशिरा आली तर जहाज थांबतं. आपले आपण फिरून उशीर केला तर जहाज जातं. त्यांच्या एका जहाजावरचा आचारी कुठल्याशा बंदरात बायकोसाठी रेडिओ घ्यायला उतरला होता. घासाघीस लांबली. परत धक्क्यावर आला तर समोर नुसतं पाणी. "रेडिओ चांगला होता म्हणतात," चीफ गंभीरपणे सांगत, "पण जहाज कुणासाठी थांबत नाही."

वहिनी हे सगळं ऐकून घेत, वाटाणे सोलत. एका संध्याकाळी त्यांनी सोललेले वाटाणे बाजूला सारले आणि म्हणाल्या, "मला बस नको नि रेल्वे नको. यांनी एवढी बंदरं केली, त्यातल्या एकाही गावात मी यांच्याबरोबर चाललेले नाही. मला एका गावात यांच्याबरोबर पायी फिरायचंय. तेवढ्यासाठी चाललेय मी." चीफनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी आखलेला कागद आणून पुढ्यात ठेवला. चारही ठिकाणांची नावं, आणि प्रत्येकासमोर दोन रकाने. सकाळ: वहिनी. दुपार: चीफ. वहिनींनी कागद दोनदा वाचला आणि घडी करून परत दिला. "अहो, बरोबर म्हणाले होते मी," एवढंच त्या म्हणाल्या.

मी मधे पडलो आणि रंगीत तालमीची सूचना केली. एका रविवारी दोघांनी मिळून सिंगापुरातच फिरून यायचं, नदीकाठचा भाग म्हणजे परकं गाव समजायचं आणि बिशानचं मेट्रो स्टेशन म्हणजे जहाज. चार तास. चीफ निघाले, फ्रिजला हात लावून, तीनदा मागे वळून, पण निघाले. दीड तासात दोघं परत. वहिनी सांगत होत्या, "हॉकर सेंटरमध्ये बसायला टेबलं असून उभ्याने खायला लावलं. पूल अर्धाच ओलांडला." चीफ मात्र खूश होते. एकही माणूस मागे राहिला नव्हता.

आणि खरोखरच आम्ही नॉर्वेला गेलो, शेवटी चौघांचीही बसच्या सहलींची तिकिटं काढून. पहिलं बंदर मोठं होतं, लाकडी रंगीत घरांचं. सगळे प्रवासी सकाळीच रांगेत उभे राहिले. चीफही रांगेत होते, पण उतरायच्या शिडीपाशी आल्यावर बाजूला झाले आणि आम्हाला म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे. मी आहे इथे." हे इतक्या सहज म्हणाले की आम्ही तिघं खाली उतरून बसमध्ये बसेपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही. चीफ या जहाजावर पाहुणे होते. इंजिन रूमचं दारसुद्धा त्यांना कुणी दाखवलं नसतं. संध्याकाळी आम्ही परतलो तेव्हा ते सर्वांत वरच्या डेकवर, धुराड्याकडे तोंड करून खुर्चीत बसले होते. "धुराचा रंग उत्तम आहे," ते म्हणाले. वहिनी त्यांच्या शेजारून तशाच खोलीत गेल्या. मला चीफचा मनापासून राग आला, आणि त्यांची कीवही आली.

दुसऱ्या मुक्कामी धक्का नव्हता. फ्योर्डच्या अगदी टोकाला एक चिमुकलं गाव, जहाज मधोमध नांगरलेलं, आणि लहान होड्यांतून लोकांना काठावर नेत होते. न्याहारीला वहिनी पायांत बूट घालूनच आल्या. बसचं तिकीट त्यांनी परत केलं होतं. चीफसमोर बसून त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मी चालत वर जाणार आहे. तुम्ही यावं असं मला वाटतं. तीस वर्षं जहाज सांभाळलंत, मी कधी काही म्हटलं नाही. पण हे जहाज तुमचं नाही. इथे तुमच्यावाचून काहीही अडलेलं नाही." चीफच्या चेहऱ्यावर कुणी कानशिलात मारावी तसं उमटलं. त्यांनी चहा संपवला, उठले, आणि निघून गेले. वहिनी पाव तसाच हातात धरून बसल्या. माझी बायको त्यांच्या पाठीवर हात ठेवायला उठली, तेवढ्यात चीफ परत आले. ते खाली जहाजाच्या स्वागतकक्षात गेले होते. तिथल्या मुलीला त्यांनी विचारलं होतं की आज ड्युटीवर कोण आहे, आणि सांगितलं होतं की मी माझ्या पत्नीबरोबर जमिनीवर जात आहे. ती म्हणाली होती, हॅव अ नाइस डे, सर. "परवानगी आहे," चीफ म्हणाले, आणि बूट घालायला गेले.

आम्हीही मागून गेलो. मला आजही वाटतं, जायला नको होतं. पण मला राहवलं नाही. रस्ता नागमोडी वर चढत होता. चीफ सुरुवातीला दर वळणावर थांबून आपलं जहाज जागेवर आहे ना ते बघत होते. मग एका ठिकाणी शेळ्या आडव्या आल्या, आणि वहिनींनी त्यांचा हात धरून त्यांना कडेला ओढलं. तो हात पुढे तसाच राहिला. चीफ प्रश्न विचारायला लागले. या घरांच्या छपरांवर गवत का उगवलंय? एवढ्या कड्यावर शेत करणारा माणूस मीठ आणायला कुठे जात असेल? मी पुस्तिकेत वाचलेलं सांगायला तोंड उघडलं, तर बायकोने मला कोपराने ढोसलं. वहिनी त्यांना ठोकून उत्तरं देत होत्या, आणि दोघांनाही ती पटत होती.

वर एका वळणावर बाक होते. ते दोघं एकावर बसले, आम्ही थोडं अलीकडे. खाली हिरवंगार पाणी, त्यात आमचं जहाज, आणि त्याच्या पलीकडे नांगरलेलं दुसरं एक जहाज. बघता बघता ते दुसरं जहाज हललं. जागच्या जागी वळलं आणि कड्यांच्या मधून निघालं. चीफ पुढे वाकून बघत होते.

"आवाज येत नाही?" त्यांनी विचारलं.

"इतक्या लांबून कुठला येणार?"

"निघताना मी कायम खाली असतो. इंजिनाशेजारी. बोललेलं ऐकू येत नाही, अंगावरून घाम निथळत असतो. मला वाटायचं वरसुद्धा तसंच काहीतरी असणार." मग म्हणाले, "जहाज निघताना मी कधी पाहिलंच नाही."

"मी पाहिलंय," वहिनी म्हणाल्या.

चीफ त्यांच्याकडे बघायला लागले. सिंगापूरहून जहाजावर चढायचं तेव्हा वहिनी जेटीपर्यंत सोडायला जात, लाँच त्यांना बाहेर उभ्या असलेल्या जहाजाकडे घेऊन जाई, आणि निरोप तिथेच संपे. निदान चीफच्या हिशेबी संपे.

"तुमची लाँच गेली की मी बसने ईस्ट कोस्टच्या बीचवर जायची. तिथून उभी जहाजं सगळी दिसतात. धुराड्याचा रंग तुम्ही सांगितलेला असायचा."

"मला वाटायचं तू घरी जातेस."

"घरी जाऊन काय करायचं होतं?"

"किती वेळ थांबायचीस?"

"दिसेनासं होईपर्यंत. कधी दुपार व्हायची, कधी संध्याकाळ. एकदा तुमचं जहाज निघालंच नाही त्या दिवशी. दुसऱ्या दिवशी परत गेले."

मी शेजारच्या कड्याची उंची मनात आठवायचा प्रयत्न करत होतो. खालचं जहाज खाडीच्या वळणापर्यंत पोचलं, अर्धं कड्याआड गेलं, मग सगळंच गेलं. वहिनींनी पदर सारखा केला आणि उठल्या. "चला," त्या म्हणाल्या, "आपल्याला उशीर होईल."

चीफ जागचे हलले नाहीत. "थांब जरा," ते म्हणाले. "पाण्यावर अजून रेघ दिसतेय."

वहिनी परत त्यांच्या शेजारी बसल्या. आम्ही दोघं आवाज न करता उठलो आणि उतरायला लागलो. काठावरून जहाजाकडे होड्या जात होत्या, एक भरली, दुसरी भरली, आणि चीफ नि वहिनी अगदी शेवटच्या होडीने आले.