गवताला जायची वेळ

आमच्या बेटाच्या दक्षिणेकडच्या सुरिनाम गावातून लग्न होऊन मी बों अक्योय गावी आले, ती एकोणीसशे साठच्या पुढची गोष्ट. सासरचं घर म्हणजे भरलेला बाजार. नवऱ्याच्या पाठचे दोन दीर, सासरे, दिवसभर बोलणारा रेडिओ, आणि शनिवारी संध्याकाळी भजनाला जमणारा अर्धा गाव. सासरे ढोलकीवर बसत आणि टाळ असे रंगात येत की छपराचा पत्रा थरथरायचा. मला हे सगळं फार आवडायचं. गप्प बसणं माझ्या जिवावर येतं, आजही येतं.

या घराचा गाडा सासूबाई ओढायच्या. पहाटे उठून भात-भाजी रांधायची, सगळ्यांचे डबे भरायचे आणि उजाडायच्या आत इस्टेटीच्या उसात खुरपायला पोचायचं. उशीर झाला तर सिरदार, म्हणजे तिथला मुकादम, वाटेवरूनच परत पाठवी. दुपारी घरी आल्या की धुणं, कोंबड्या, पुन्हा चूल. आणि मग गाईचं गवत. उन्हं कलली की डोक्याला फडकं गुंडाळून, विळा आणि गोणी घेऊन त्या निघायच्या. कोणी बरोबर येतो म्हटलं तर नको म्हणायच्या. गाय तर कधीची आटलेली. आईचा जीव बापापेक्षा गाईत जास्त, अशी दिरांची चेष्टा चालायची आणि सासरेही हसायचे.

एकदा त्यांचा गुडघा सुजला, म्हणून सासऱ्यांनी मला सोबत धाडलं. वाटभर माझं तोंड चालूच. उसाच्या दोन शेतांमध्ये, वाडवडिलांनी जमिनीतून वेचून काढलेल्या काळ्या दगडांचा मोठा ढीग होता. तिथं पोचताच सासूबाईंनी सपासप गवत कापलं आणि गोणी भरून बाजूला ठेवली. दुखऱ्या गुडघ्यानं इतकी घाई कशाला, मला कळेना. मग त्या दगडांच्या सावलीत टेकल्या आणि त्यांनी डोळे मिटले. मी घाबरले.

"आई, बरं नाही का वाटत?"

"मी बरी हाय. तू जरा त्रांकिल बस."

त्रांकिल म्हणजे शांत. क्रिओल ही इथली बोली, ती आमच्या मराठीत अशी केव्हाही घुसते. पण मी कसली शांत बसतेय!

"पण तुम्ही करताय काय?"

"आयकतंय."

"काय ऐकताय?"

"देव काय बोलतो ता."

मला हसू आलं. म्हटलं, घरी दर शनिवारी एवढं भजन होतं, तिथं नाही का ऐकू येत? त्यांनी डोळे उघडले नाहीत.

"घरात आपूनच बोलतो सगळी. त्याला कवा बोलू देणार?"

मी तोंडाला कुलूप लावून बसले. उसातून वारा जात होता, पायाशी मुंग्यांची रांग होती. मला काही देव ऐकू आला नाही, खोटं कशाला सांगू? मी आपली सासूबाईंचा चेहरा बघत राहिले. चुलीपुढचा, सिरदारापुढचा तो चेहरा नव्हताच. कपाळावरची आठी कुठल्या कुठे गेली होती. एवढ्या रगाड्यातून या बाईनं देवासाठी वेळ काढला होता, आणि तोही गाईच्या आडून! मला त्यांचा इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले.

उठताना त्यांनी बजावलं, "घरी बोलू नको हां. बाईमाणूस रिकामा बसलेला लोकांना बघवत नाय."

खरंच होतं ते. आमच्या गावात बाई रस्त्यानं निघाली की तिच्या हातात काहीतरी हवंच. गोणी, बादली, नाहीतर कडेवर पोर. नुसती चाललेली बाई दिसली की दारादारांतून माना बाहेर यायच्या.

त्या सुजलेल्या गुडघ्यानंच पुढं घात केला. दूध नाही, काही नाही, बायकोला उगाच राबवायचं कशाला, असा सासऱ्यांनी विचार केला आणि लॉंग माउंटन गावच्या एका पाहुण्याला गाय देऊन टाकली. "आता तू आराम कर," ते मोठ्या मायेनं म्हणाले. त्या संध्याकाळी सासूबाई घरात बसल्या. रेडिओ लागला होता, दीर भांडत होते, आणि जो तो येऊन आई हे दे, आई ते दे. झाला आराम.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलली तशा त्या उठल्या आणि विळा-गोणी घेऊन चालू लागल्या. परत आल्या त्या डोक्यावर गवत घेऊन.

"आयो, आईचा डोका फिरला!" धाकटा दीर खिदळला. "अगो, गाय खय हाय?"

सासऱ्यांना मात्र हसू आलं नाही. त्यांनी पुढं होऊन गोणी उतरवून घेतली. "कुणासाठी आणलंस गो?" त्यांनी विचारलं. सासूबाई खाली बघत उभ्या. त्यांचा तो पडलेला चेहरा मला बघवेना. सुनेनं सासऱ्यांपुढं तोंड उघडायचं नसतं, हे विसरून मी सगळं सांगून टाकलं. दगडांचा ढीग, मिटलेले डोळे, आणि त्या काय म्हणाल्या तेही. मला बोलताना त्या घरात पहिल्यांदाच कोणी अडवलं नाही.

सासरे बायकोकडे वळले. "इतकी वर्सं?" एवढंच म्हणाले. मग गोणी उचलून शेजाऱ्याच्या बकऱ्यांपुढं रिकामी करून आले.

दुसऱ्या दिवशी ऊन उतरलं तसं त्यांनी रेडिओ बंद केला आणि सासूबाईंचं फडकं स्वतः आणून त्यांच्या हातात दिलं.

"जा तू. विळा ऱ्हाऊ दे घरात."

"रिकाम्या हातानं? लोकं इचारतील."

"सांग, घोवानं धाडलंय."

त्या अंगणात घुटमळल्या. फडकं बांधलं, पदर सारखा केला, एकदा आमच्याकडे वळून बघितलं आणि निघाल्या. समोरच्या घरातून दोन माना बाहेर आल्या. सासरे दारात ठाम उभे राहिले, त्या माना आत जाईपर्यंत.

मी पायरीवरून बघत होते. चालताना सासूबाईंचे हात हलतात, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.