रुळाची गोष्ट लिहू नका

ती वार्ताहर होती, अठरा वर्षं एकाच दैनिकात. रविवारच्या पुरवणीत तिचं सदर यायचं आणि लोक ते कापून ठेवायचे. शब्द दिला की पाळते, असं तिच्याबद्दल गावोगाव बोललं जायचं. तिलाही ते खरंच वाटत होतं.

त्या वर्षी एका गावात मोहीमवाल्यांनी डोकं वर काढलं होतं. नदीपलीकडच्या वस्तीतल्या लोकांनी गाव सोडावं, एवढा एकच त्यांचा धोशा. त्यांना पत्रकं छापायची होती, वस्तीतल्या घराघराची यादी टाकून. गावात छापखाने तीनच. दोघांनी मुकाट्याने होकार दिला, पण एकाचं मशीन लहान होतं आणि दुसऱ्याच्या छपाईत अर्धी अक्षरं पुसट यायची. त्यामुळे मोहीमवाले तिसऱ्या छापखान्याच्या खनपटीला बसले.

तिसरा छापखाना काकांचा; सगळं गाव त्यांना काकाच म्हणायचं. पासष्टीचा माणूस, बोलणं तोलूनमापून. पायाने चालवायचं जुनं मशीन आणि लाकडी पेटीच्या घरांमध्ये लावलेले शिशाचे खिळे, म्हणजे सुट्या अक्षरांचे ठसे. काकू खिळे जुळवायच्या, काका छापायचे. काकांनी काय केलं, तर मशीनचे शाई लावायचे दोन्ही रूळ काढले, जुन्या चादरीत गुंडाळले आणि माळ्यावर टाकले. "रूळ झिजले, नवे मिळत नाहीत," असं ते आठ महिने सांगत राहिले. मशीन चाललं की सगळ्या गल्लीला धडधड ऐकू जायची, म्हणून दुसरं कामही छापता येईना. दोघं नवराबायको वह्या शिवून दिवस काढत होती.

ती छापखान्यात भेटायला आली तेव्हा हे सगळं काकांनीच तिला सांगितलं. "लिहा ताई. नाही म्हणता येतं, हे चार लोकांना कळू दे."

ती निघाली तेव्हा काकू दारापर्यंत आल्या. "रुळाचं तेवढं लिहू नका हं."

"छे हो काकू, ते कसं लिहीन?" ती म्हणाली.

पहिल्या मसुद्यात तिने खरोखरच ते लिहिलं नव्हतं. संपादकांनी वाचलं आणि कागद परत सरकवला. "एका छापखानेवाल्याने नकार दिला. बरं, मग पुढे? ह्यात जीव नाही."

ती जागेवर येऊन बसली. गावाचं नाव नाही, माणसाचं नाव नाही, कोण ओळखणार, अशी तिने मनाची समजूत घातली आणि रुळाचा परिच्छेद घातला. तो लिहिताना हात असा काही चालला की तिला स्वतःचंच कौतुक वाटलं.

रविवारी दिवसभर फोन खणखणत होते. बहीण म्हणाली, "चादरीतल्या रुळापाशी मला रडू आलं गं."

बुधवारी दुपारी काकूंचा फोन आला. त्या एवढंच म्हणाल्या, "येऊन बघून जा."

ती पोचली तेव्हा मशीन आडवं पडलं होतं. मोहीमवाले चौघे आले होते, पुरवणीचं पान हातात घेऊन. रूळ कुठे आहेत, हे त्यांना विचारावंही लागलं नाही. ते थेट माळ्यावर चढले. रूळ चिरले, खिळ्यांची घरं रस्त्यावर उपडी केली. काका मध्ये पडले, त्यात त्यांचं उजवं मनगट मोडलं. आता ते खुर्चीत बसले होते, हात गळ्यात अडकवलेला. काकू जमिनीवर बसून चाळणीने माती चाळत होत्या आणि खिळे वेगळे काढत होत्या.

"चांगलं लिहिलंत ताई," काका म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. त्याने तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात तिच्या तोंडून निघून गेलं, "काकू, ते संपादकांनी घातलं. मी नव्हतं लिहिलं."

काकूंचे हात थांबले नाहीत. "संपादकांना रुळाचं कुणी सांगितलं?"

ती खाली बसली आणि म्हणाली, "मीच लिहिलं. नुसत्या नकारात मजा येत नव्हती म्हणून."

तिनेही खिळे उचलायला घेतले. अक्षरं उलटी, तिला ओळखू येईनात. अंदाजाने ती घरात टाकत होती आणि काकू पुन्हा काढून योग्य जागी ठेवत होत्या. तासाभराने नदीपलीकडच्या वस्तीतल्या दोघी बायका आल्या. एकीने चाळणी घेतली, दुसरीने झाडू. कुणी कुणाला काही विचारलं नाही. मग गल्लीतला दुसरा छापखानेवाला, मोहीमवाल्यांना हो म्हणालेला, दारात येऊन उभा राहिला. नजर खाली घालून काकांना म्हणाला, "हात बरा होईपर्यंत वहिनींनी माझ्या मशीनवर काम करावं. मोहीमवाल्यांना मी परवा 'नाही' म्हणून सांगितलं."

तिचा हात सवयीने पिशवीतल्या वहीकडे गेला. काकांनी ते पाहिलं.

"हे लिहू नका ताई," ते म्हणाले.

"नाही लिहिणार."

ह्या वेळी काकूंनी मान वर करून तिच्याकडे नीट पाहिलं. त्या नजरेत विश्वास नव्हता आणि तो असावा असं म्हणायला तिला तोंडही नव्हतं.

ऑफिसात जाऊन तिने कबुली लिहिली: मला सांगितलं होतं, मी ऐकलं नाही, एका माणसाचा हात माझ्यामुळे मोडला. संपादक म्हणाले, "असं लिहून पेपरचीच अब्रू जाते." ती अडून बसली. सदर बंद केलं तरी चालेल म्हणाली. शेवटी सातव्या पानावर, खाली कोपऱ्यात, सहा ओळी आल्या.

दोन दिवसांनी ती तो अंक घेऊन काकांकडे गेली. काकू शेजारच्या छापखान्यात होत्या. काकांनी डाव्या हाताने तिला खुर्ची पुढे केली, पाणी विचारलं. अंक मात्र घेतला नाही.

"राहू द्या ताई. हिने पेपर बंद केलाय," ते म्हणाले. "घरात आणू नका म्हणते."

तिने अंक घडी करून पिशवीत ठेवला आणि पाण्याचा पेला उचलला.