बाईंचा रिपोर्ट मी वाचला

बाईंबद्दल मी लिहावं, हे त्यांच्या इतर विद्यार्थ्यांना आवडणार नाही. माझा तेवढा अधिकार नाही. पुढे वाचलंत की तुम्हालाही तसंच वाटेल. आधीच माफी मागतो.

अल्लीपूरच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाई हजेरीआधी पोरांचे डोळे बघत. अंगठ्याने खालची पापणी ओढायची, आतला रंग पाहायचा. "पांढरा फटक हायेस. मायले सांगजो, भाजी लोखंडी कढईत कर म्हणा." रक्त कमी म्हणजे लोह कमी, एवढं साधं त्यांचं शास्त्र. मुली लाजल्या की म्हणत, "लाज कायची? रक्त पाहून राह्यली मी, कुंडली नाई." मधल्या सुट्टीत स्वतःच्या डब्यातले गूळ-शेंगदाणे वाटत.

पुढे मी वर्ध्याला बी.एस्सी.ला गेलो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. निवृत्त झालेल्या बाई एकदा माझ्या नालवाडीतल्या खोलीवर आल्या, जिना चढताना तीनदा थांबल्या. किडनी खराब झाली होती. रक्त वाढावं म्हणून डॉक्टरांनी दर आठवड्याला सुई सांगितली होती. रिपोर्ट पुढे करून म्हणाल्या, "वाच. घरात कोणाले समजत नाई."

डॉक्टरांना विचारा, एवढं मी म्हणायला हवं होतं. पण बाई मला विचारत होत्या! मी लोहाचा आकडा शोधला. "साठा तं भरपूर हाये बाई. मंग सुई कायले पाह्यजे?"

"तू वाचलं न? झालं मंग."

तिसऱ्या वर्षी सरांनी शिकवलं. रक्त तयार करायचा निरोप किडनीच धाडते. ती थकली की निरोप कमी पडतो, म्हणून ती सुई. शिवाय अलीकडे कळलं आहे की अशा आजारात यकृतातून निघणारा एक पदार्थ लोह कोठारातच अडवून ठेवतो. साठा भरलेला दिसतो, रक्ताला मिळत नाही. पूर्वी डॉक्टरांनाही हे ठाऊक नव्हतं, असं सर म्हणाले. मला त्याने धीर आला नाही. बाईंच्या डॉक्टरांना ठाऊक होतं.

सांगायला म्हणून एसटीने गावी गेलो आणि त्यांच्या गल्लीच्या तोंडावरून परत फिरलो. मग परीक्षेचं निमित्त करत सहा महिने काढले.

परवा त्यांच्या सुनेचा फोन आला. बाई गेल्या, तेरवीही झाली होती. माझं ऐकून बाईंनी सुई बंद केली असणार, हे सगळं मी रडत कबूल केलं.

"भाऊ, सुई तं आईनं दुसऱ्याच आठवड्यात चालू केल्ती. डॉक्टर लय रागावले न. त्या पोराले सांगू नका म्हणे, त्याची वाचाची हिंमत जाईन." मग म्हणाल्या, "तुम्ही गल्लीपर्यंत आलते, हे समजलं होतं त्यायले. घरी काऊन नाई आला, इतकंच इचारत राह्यल्या."